खोटे न बोलणारे कुलूप

कुलूप सहसा हरवत नाही. हरवते ती किल्ली. म्हणूनच आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात एक खण असा असतो, की ज्यात दोन-चार बिनकिल्लीची कुलपे आणि आठ-दहा बिनकुलपाच्या किल्ल्या वर्षानुवर्षे शेजारी शेजारी पडून असतात. त्यांचा उपयोग नसतो आणि त्या फेकवतही नाहीत. चिंचवडसारख्या गावात तर हा खण जरा जास्तच जड. इथल्या घराघरांतून कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला. चांगल्या लोखंडाचा वा पितळेचा तुकडा टाकून देणे या मंडळींच्या जिवावर येते.

या खणाला आता एक नवे गिऱ्हाईक मिळू लागले आहे. किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकणे हा जगात अनेक ठिकाणी रीतसर छंद मानला जातो. जर्मनीत तर १९९७ पासून अशा हौशी मंडळींची संस्था आहे, त्यांच्या स्पर्धा भरतात. शब्दकोडे सोडवावे किंवा बिघडलेले घड्याळ उघडून बसावे, तशीच ही बोटांची आणि बुद्धीची करमणूक. आपल्याकडचा एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी किंवा आयटीआयचा मुलगा या नादी लागला, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की सरावाला कुलपे आणायची कुठून? आणि त्याच्या आईवडिलांपुढे दुसराच प्रश्न उभा राहतो. पोरगे कुलपे उघडायला शिकते आहे, म्हणजे नेमके कोणत्या वाटेला लागले आहे?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. लालबागेपर्यंत गेले तरी पुरे. कारण ज्या माणसाचे आडनाव आज निम्म्या महाराष्ट्राच्या कडी-कोयंड्याला लटकते आहे, त्या अर्देशीर गोदरेज यांचे आयुष्य म्हणजे कुलूप आणि सचोटी यांच्या नात्याचीच कथा आहे.

वकिली सोडलेला वकील

अर्देशीर बर्जोरजी गोदरेज यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते. घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा वकिलीकडे वळला. १८९० मध्ये बाचूबाईंशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

संसार जेमतेम वर्षभराचा ठरला. २५ एप्रिल १८९१ या दिवशी विशीच्या उंबरठ्यावरच्या बाचूबाई आणि त्यांच्याबरोबर गेलेली नात्यातली एक तरुण मुलगी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून खाली कोसळल्या. २८० फूट उंचीचा तो मनोरा त्या काळी मुंबईचे भूषण होता आणि वर चढून शहर पाहणे ही लोकांची हौस होती. वर नेमके काय घडले यावर मुंबईत महिनोन् महिने चर्चा झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, खटला उभा राहिला. पण कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. अर्देशीर तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे त्यांनी जो धंदा निवडला त्याचे मूळ या दुःखात शोधण्याचा मोह टाळलेला बरा. पण ज्याच्या स्वतःच्या घरात उरले-सुरले सारे एका दुपारी निघून गेले, त्याने पुढे हजारो लोकांची घरे शाबूत राहावीत म्हणून आयुष्य वेचले, ही गोष्ट मनातून जात नाही एवढे खरे.

१८९४ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीने या तरुण वकिलाला एका अशिलाच्या कामासाठी थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजिबारला पाठवले. खटला हातचा होता. पण चालता चालता अर्देशीर यांच्या मनात शंका शिरली, की आपला अशील सांगतो ते सारे खरे आहे का? वकिलाने असल्या प्रश्नाच्या खोलात जायचे नसते, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. अर्देशीर यांना ते जमेना. ज्या गोष्टीची आपल्याला खात्री नाही ती छातीठोकपणे न्यायालयापुढे मांडायला त्यांनी नकार दिला. अशिलाने दुसरा वकील केला आणि अर्देशीर मुंबईला परतले. त्यानंतर त्यांनी वकिलीचा झगा पुन्हा अंगावर चढवला नाही.

शिकलेला, कमावण्याजोगा मुलगा व्यवसाय सोडून घरी आला की काय होते, हे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला सांगायला नको. अर्देशीर यांनी मुंबईतल्या एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यकाचे काम धरले. तिथे त्यांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या हत्यारांकडे गेले. ही सारी विलायतेहून येतात. इथे का होऊ नयेत? वडिलांचे स्नेही मेरवानजी मुंचेरजी कामा यांच्याकडून त्यांनी कर्जाऊ पैसे घेतले आणि हत्यारे घडवली. ती उतरली उत्तम. दुकानाचा इंग्रज मालक ती घ्यायला तयारही होता. पण त्यांच्यावर हिंदुस्थानात बनल्याची खूण उमटवायला तो राजी नव्हता. अशा मालाला गिऱ्हाईक मिळणार नाही, असा त्याचा हिशेब. अर्देशीर त्या खुणेवर अडून बसले आणि सौदा मोडला. पहिला धंदा बुडाला तो माल वाईट म्हणून नव्हे, तर मालावरचे नाव खरे असावे या हट्टापायी.

लालबागची शेड

यानंतर एके दिवशी अर्देशीर यांच्या वाचनात मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी आली. पोलिसांचे म्हणणे असे, की लोकांनी आपल्या घरादारांची सुरक्षितता वाढवावी. ती वाढवायची कशाने? बाजारात विलायती कुलपे होती, ती महाग. देशी कुलपे हाताने घडवलेली, दणकट दिसणारी. पण एकाची किल्ली दुसऱ्याला चालायची. दिसायला भक्कम आणि प्रत्यक्षात लटके असे ते काम होते. अर्देशीर पुन्हा मेरवानजी कामांकडे गेले. आधीचे कर्ज फिटलेले नसताना त्या गृहस्थाने दुसऱ्यांदा पैसे दिले.

मुंबई गॅस कंपनीच्या शेजारी, लालबागेत, जेमतेम वीस चौरस मीटरची एक शेड भाड्याने घेतली गेली. आजच्या वन-रूम-किचनचाही आकार याहून मोठा असतो. गुजरात आणि मलबारकडचे डझनभर कसबी कारागीर आणले आणि ७ मे १८९७ रोजी काम सुरू झाले.

तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. मुंबई-पुण्यात प्लेग होता. त्याच उन्हाळ्यात पुण्यात प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर लोकांच्या माजघरापर्यंत शिरत होते. बंद दाराला काही मान उरला नव्हता. त्याच संतापापोटी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. लालबागेतल्या शेडचा आणि चिंचवडच्या त्या वाड्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोन्ही घटनांत अंतर जेमतेम दीड महिन्याचे आहे आणि आपले दार आपलेच असले पाहिजे ही भावना त्या वर्षी हवेतच होती.

अर्देशीर यांची पहिली कुलपे ‘अँकर’ या नावाने विकली गेली. त्यांच्याबरोबर एक हमी असे. प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी, दुसरी कोणतीही किल्ली त्याला लागणार नाही. आज ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटते. त्या काळी ती एक प्रतिज्ञाच होती.

चोराच्या बाजूने विचार

इथे कुलपाच्या पोटात जरा डोकावले पाहिजे. आपल्या नित्याच्या लिव्हरच्या कुलपात पातळ धातूच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी उचलतो. सगळ्या पट्ट्या नेमक्या ठरलेल्या उंचीवर आल्या, की त्यांतल्या खाचा एका रेषेत येतात आणि दांडा सरकतो. एक पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली तरी कुलूप ढिम्म हलत नाही. दाराच्या लॅचच्या कुलपात पट्ट्यांच्या जागी छोट्या पिना असतात, एवढाच फरक, हिशेब तोच.

म्हणजे कुलूप उघडणारा काय करतो? तो किल्लीचे काम बोटांच्या अंदाजाने करतो. एका हाताने किंचित ताण द्यायचा, दुसऱ्या हातातल्या तारेने एकेक पट्टी चाचपत योग्य उंचीवर न्यायची. ताण जास्त झाला तर सगळे अडकते, कमी झाला तर सगळे खाली पडते. आणि कुलूप घडवणाऱ्याला हेच उलट्या बाजूने करावे लागते. चोर कुठे हात घालील याचा विचार त्याला चोराच्या आधी करावा लागतो.

ही गोष्ट युरोपला १८५१ मध्ये चांगलीच कळून चुकली होती. लंडनच्या विख्यात प्रदर्शनाच्या निमित्ताने हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपकार तिथे आला. त्या वेळी चब कंपनीचे कुलूप अभेद्य समजले जाई. चुकीची पट्टी जास्त उचलली तर ते अडकून बसे आणि कुणीतरी हात लावल्याचे मालकाला कळे. हॉब्जने ते २५ मिनिटांत उघडले. ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत तर एक कुलूप साठ वर्षे टांगलेले होते; जो ते उघडील त्याला दोनशे गिनींचे बक्षीस. हॉब्ज त्याच्यापुढे सोळा दिवस बसला, एकूण ५१ तास खर्ची घातले आणि तेही उघडले. लंडनमध्ये हाहाकार उडाला. असली गुपिते उघड केल्याने चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. पण घडले उलटेच. कुलूपकार खडबडून जागे झाले आणि पुढची कुलपे अधिक चांगली झाली. सचोटीने कुलूप उघडणारा माणूस हा कुलपाचा शत्रू नसून त्याचा परीक्षक असतो, हा धडा जगाला तिथे मिळाला.

अर्देशीर यांच्या पुढच्या कुलपांत हा विचार स्पष्ट दिसतो. त्यांच्या ‘डिटेक्टर’ कुलपाला चुकीची किल्ली लावली तर दांडा जागच्या जागी अडके. मालक घरी येऊन खरी किल्ली फिरवू लागला, की आपल्या मागे कुणीतरी प्रयत्न करून गेले हे त्याला समजे. ‘गॉर्डियन’ नावाच्या कुलपाला दोन किल्ल्या असत. दुसऱ्या किल्लीने आतली रचनाच अशी बदलता येई, की पहिली किल्ली निकामी व्हावी. नोकराकडे किंवा भाडेकरूकडे राहिलेल्या किल्लीची धास्ती ज्याला वाटते, त्या प्रत्येक गृहिणीला याचे मोल कळेल.

पण त्यांचे खरे काम स्प्रिंगचे. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक पट्टीला खाली दाबून धरायला एक स्प्रिंग लागते. मुंबईची दमट हवा, धूळ, गंज यांनी ती स्प्रिंग थकते किंवा तुटते. एक स्प्रिंग गेली की कुलूप एकतर मालकालाच उघडत नाही, नाहीतर कोणालाही उघडते. दोन्ही परींनी ते खोटे ठरते. अर्देशीर यांनी स्प्रिंगच काढून टाकली. बिनस्प्रिंगच्या कुलपाचे ब्रिटिश पेटंट त्यांना १९०९ मध्ये मिळाले. ज्या देशाच्या मालावर स्वतःचे नाव छापायला विलायती दुकानदार कचरला होता, त्याच देशातल्या एका शेडमधून विलायतेच्या दप्तरात हे नाव जाऊन बसले.

दरम्यान १९०२ मध्ये तिजोरीही बाजारात आली होती. तिजोरीला चोराइतकीच आगीची भीती असते. आतले पैसे वाचले आणि कागद जळले तर उपयोग काय? त्यामुळे तिच्या भिंती, दार, जोड यांवर त्यांनी कुलपाइतकीच मेहनत घेतली. धाकटे भाऊ पिरोजशा त्यांना येऊन मिळाले. अर्देशीर यांचे डोके आणि पिरोजशांचा व्यवहार अशी ती जोडी जमली.

फेडू न दिलेले कर्ज

धंदा स्थिरावल्यावर अर्देशीर मेरवानजी कामा यांचे पैसे परत करायला गेले. मेरवानजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी पैसे घ्यायचे नाकारले. त्याऐवजी आपल्या बॉइस नावाच्या पुतण्याला धंद्यात घ्यावे अशी इच्छा व्यक्त केली. अर्देशीर यांनी ती मानली. ‘गोदरेज अँड बॉइस’ या नावातला बॉइस तो हाच. बॉइस काही या धंद्यात फार काळ रमला नाही, लवकरच बाहेर पडला. पण अर्देशीर यांनी त्याचे नाव काढले नाही. तेव्हापासून ते पाटीवर टिकून आहे. न फेडता आलेले कर्ज नावाच्या रूपाने फेडण्याची ही तऱ्हा आजच्या हिशेबी काळात विरळाच म्हणायची.

पहिले महायुद्ध संपत आले त्या सुमारास अर्देशीर साबणाकडे वळले. साबणात जनावरांची चरबी असे आणि अनेक हिंदू, जैन घरांत तो त्यामुळे वर्ज्य ठरे. अर्देशीर यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला. त्याचे नाव त्यांनी काय ठेवावे? ‘चावी’! कुलपाचा माणूस शेवटी किल्लीकडेच परतला. पुढे आलेल्या साबणाला त्यांनी नंबर दोन म्हटले आणि नंबर एक नंतर काढला. दोनच इतका चांगला तर एक कसा असेल, असा लोकांनीच विचार करावा ही त्यामागची खुबी.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर वर्गणी गोळा झाली. अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळच्या रुपयाची किंमत लक्षात घेता हा आकडा डोळे विस्फारणारा आहे. मात्र स्वदेशीचा त्यांचा अर्थ कडक होता. माल देशी आहे एवढ्यावर तो खपावा हे त्यांना मान्य नव्हते. देशी माल आधी विलायतीच्या तोडीचा असला पाहिजे. नाहीतर आपणच आपल्या माणसांना फसवतो, अशी त्यांची धारणा. झांजिबारच्या न्यायालयात जो प्रश्न त्यांना पडला होता, तोच त्यांनी आपल्या कुलपाला, तिजोरीला आणि साबणालाही विचारला. तू जे सांगतोस ते खरे आहे का?

१९२८ मध्ये कारभार भावाच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला निघून गेले. भरात आलेला कारखाना मागे ठेवून साठाव्या वर्षी नव्याने मातीत हात घालणारा हा गृहस्थ १९३६ च्या जानेवारीत वारला. मागे मूलबाळ नव्हते. आठ वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन आजूबाजूचा भाग बेचिराख झाला, तेव्हा राखेतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत होते. ते पाहायला अर्देशीर नव्हते. पण त्यांच्या शब्दाची ती शेवटची आणि सर्वांत कठोर परीक्षा होती.

खणातली कुलपे

आता चिंचवडच्या त्या मुलाकडे परत वळू. सरावाला कुलूप कुठून आणायचे? पूर्वी या भागात त्याचे उत्तर सोपे होते. चिखली-कुदळवाडीला भंगाराची शेकडो दुकाने होती; फेब्रुवारी २०२५ च्या महापालिकेच्या कारवाईत तिथली बहुतेक पाडली गेली. पण पहिले कुलूप भंगारातून आणायची गरजच नाही. ते घरच्या खणात आहे. तिथले कुलूप चालू स्थितीतले, शक्यतो किल्लीसकट निवडावे. किल्ली असली म्हणजे आत काय घडायला हवे ते फिरवून पाहता येते. नंतर हार्डवेअरच्या दुकानातले साधे, स्वस्त, कमी पिनांचे कुलूप विकत घ्यावे. शेजारीपाजारी, नातेवाईक यांच्याकडे पडलेली जुनी कुलपे मागून घ्यावीत. सोसायटीत कुणी दाराचे कुलूप बदलले तर काढलेले जुने विचारून घ्यावे.

आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला पहिल्याच दिवशी गुंतागुंतीचा जॉब देत नाहीत. लोखंडाचा तुकडा देतात आणि कानस मारून तो काटकोनात आणायला सांगतात. इथेही तसेच. एक कुलूप पूर्ण खोलावे, पट्ट्या वा पिना मोजाव्यात, त्यांतली एकच ठेवून ते बंद करावे आणि उघडून पाहावे. मग दोन, मग तीन. महिनाभराने तेच कुलूप पुरते भरून उघडले, की बोटांना जी समज येते ती पुस्तकाने येत नाही.

आणि दोन नियम पाळावेत. जे कुलूप आपले नाही त्याला मालकाच्या परवानगीवाचून हात लावू नये. आणि जे कुलूप रोज दाराला लागते त्यावर, ते आपले असले तरी, प्रयोग करू नयेत, कारण आतली पिन वाकली तर रात्री घरच्या सगळ्यांना जिन्यात बसावे लागेल. पहिला नियम मोडला की छंद तिथेच संपतो आणि दुसरेच काहीतरी सुरू होते. आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. मुलाच्या हातात तार आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. टेबलावरचे कुलूप कुणाचे आहे आणि ते कुठून आणले, एवढे तो सरळ सांगू शकतो की नाही, ते पाहावे. ज्याला ते लपवावेसे वाटत नाही, त्याच्या हातून उद्या एखादे अधिक चांगले कुलूपही घडेल.

अर्देशीर यांनी आधी आपला शब्द पारखला, मग कुलूप घडवले. आपल्या घराच्या दाराला रात्री कडी लावताना आपण ज्या निर्धास्तपणे झोपायला जातो, तो निर्धास्तपणा वीस चौरस मीटरच्या एका शेडमध्ये, अशा क्रमाने तयार झाला आहे.